आज सकाळची मोची : पॅरिसमधले पाच दिवस

चिकट तांदळाचा लवचिक, रेशमी पापुद्रा आणि आत आझुकी या बारीक लाल कडधान्याचं गोड सारण, ही दायफुकू. मोची या जपानी मिठाईचा सगळ्यात ओळखीचा प्रकार. आपल्याकडे मोठ्या शहरांत आइस्क्रीम भरलेली मोची मिळू लागली आहे, पण ती फ्रीझरमधली. खरी मोची काही तासांची असते. जपानी मिठाईवाले हिच्या जातीच्या पदार्थांना 'आसानामा' म्हणतात : सकाळी करायचं, त्याच दिवशी संपवायचं. उकडीच्या मोदकाचं जसं असतं तसंच.

एप्रिलच्या मध्यात पाच दिवस पॅरिसमध्ये होतो. शोधायचं होतं एवढंच : आज केलेली, फ्रीझर न पाहिलेली मोची.

दिवस पहिला, गुरुवार : रू सेंत-आन

सुरुवात पिरामिद मेट्रो स्टेशनपासून केली. लाइन 7 आणि 14 दोन्ही तिथे थांबतात. बाहेर आलं की दोन-तीन मिनिटांवर रू सेंत-आन. ऑपेराच्या बाजूला जपानी कंपन्यांची ऑफिसं आली, त्यांच्यामागे नूडल्सची दुकानं, किराणा, पुस्तकं असं करत ही गल्ली जपानी झाली. आता कोरियन दुकानंही बरीच दिसतात. पाऊस भुरभुरत होता, थंडी आठ-नऊ अंशांची, आणि रामेनच्या दुकानांबाहेर छत्र्या घेऊन लोक रांगेत उभे होते.

आकी या बेकरीत आनपान, मेलनपान हे जपानी गोड पाव आणि माच्चाची, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीची, एक्लेर मिळतात. आनपान म्हणजे पावात भरलेलं आझुकीचं सारण. 1874 साली तोक्योच्या किमुराया बेकरीनं ते पहिल्यांदा केलं. मोची खाण्याआधी एक आनपान जरूर खावा, कारण त्यात सारणाची चव वेगळी कळते. सारणाला 'आन' किंवा 'आनको' म्हणतात. दाणे अख्खे ठेवलेलं ते त्सुबुआन, साल गाळून काढलेलं गुळगुळीत ते कोशिआन आणि पांढऱ्या घेवड्यासारख्या दाण्यांचं ते शिरोआन. आपल्या पुरणाची सवय असलेल्याला कोशिआन लगेच आवडतं. वेलदोडा-जायफळ नसल्यामुळे पहिला घास जरा मोकळा वाटतो, दुसऱ्या घासाला दाण्याचा स्वतःचा मातकट गोडवा लागतो.

तिथून रू दे पती-शांवर किओको. दोन मजली जपानी किराणा. मिठाईच्या कपाटात मोचीचे खोके रचलेले दिसतात आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. युरोपात खोक्यातून मिळणारी बरीच मोची तैवानमध्ये बनते आणि तिची मुदत महिन्यांची असते. चिकट तांदळाचा पापुद्रा महिनाभर मऊ कसा राहतो? भरपूर साखर, माल्टोजचा पाक, काही ठिकाणी ट्रेहॅलोज ही दुसरी साखर किंवा स्टार्च तोडणारी एन्झाइमं. हे पदार्थ वाईट नाहीत, पण घास ताणला जात नाही, तुटतो. तांदळाचा वासही येत नाही.

किराण्याच्या दुकानातून पुढच्या दिवसांसाठी घेतलं : शिरातामाको 200 ग्रॅम, आझुकी 250 ग्रॅम, किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. या पिठांची नावं नीट समजून घ्या, सगळं त्यावर अवलंबून आहे. शिरातामाको हे चिकट तांदूळ पाण्यात दळून, गाळ वाळवून केलेलं पीठ. ते खड्यांसारखं दिसतं, पाण्यात विरघळतं आणि सगळ्यात रेशमी पापुद्रा देतं. मोचीको हेही चिकट तांदळाचं, पण बारीक भुकटी. त्याची मोची थोडी दाट होते. जोशिनको साध्या तांदळाचं, दांगो नावाच्या गोळ्यांसाठी आणि ओकच्या पानातल्या काशिवामोचीसाठी. जोशिनकोची दायफुकू कधीच ताणली जाणार नाही.

संध्याकाळी त्याच भागातल्या एका दुकानात काचेमागे सुट्या दायफुकू मांडलेल्या दिसल्या. पाटीवर हातानं 'ताजी' असं लिहिलेलं. दोन घेतल्या. वरची पिठी जागोजागी ओली होऊन चिकटली होती, पापुद्रा बाहेरून मऊ पण सारणाच्या मध्यभागी बर्फासारखा गारवा. वितळवलेला माल होता. दुकानदारानं विचारल्यावर तसं सांगितलंही, तक्रार फक्त पाटीची.

म्हणून हे शब्द पाठ करून जा. पाकिटावर 'देकोंझले' असेल तर वितळवलेलं, 'सुर्झले' असेल तर गोठवलेलं. 'आ कोंसोमे झुस्को' नंतरची तारीख ही खाण्याची शेवटची तारीख असते. ती आजची किंवा उद्याची असेल तर आशेला जागा आहे. 'द प्रेफेराँस आव्हाँ' हे शब्द असतील तर तो टिकाऊ माल. काउंटरवर आधी 'बोंझूर' म्हणायचं, त्याशिवाय पुढचं काहीच बोलायचं नाही, आणि मग विचारायचं : 'से फॅ ओजुर्दुई?' म्हणजे हे आज केलंय का. खरंच आज केलं असेल तर समोरची व्यक्ती किती वाजता ते आपणहून सांगते.

दिवस दुसरा, शुक्रवार : रू सँ-फ्लोरांतँ

आकाश उघडलं. कोंकोर्द स्टेशनवर उतरून त्युलरी बागेच्या कोपऱ्यावरून दोन मिनिटं चाललं की 10, रू सँ-फ्लोरांतँ. तोराया. सोळाव्या शतकात क्योतोत सुरू झालेलं हे मिठाईघर राजघराण्याला मिठाई पुरवायचं. 1869 मध्ये सम्राट तोक्योला गेले तेव्हा तेही तिकडे गेलं. पॅरिसचं दुकान 1980 पासून आहे. आत चहाघर आहे, लाकूड आणि मऊ उजेड, आणि आवाज फक्त कपबश्यांचा.

इथे गेल्यावर 'मोची द्या' म्हणून चालत नाही. हंगामाच्या ताज्या मिठायांना 'नामागाशी' म्हणतात आणि महिन्यातून साधारण दोनदा त्यांचा संच बदलतो. काउंटरमागच्या बाईंनी काळ्या तबकात चार-पाच नमुने समोर ठेवले आणि एकेकाचं नाव, आत कुठलं सारण, हे शांतपणे सांगितलं. फुलाच्या आकाराची मिठाई दिसायला मोचीसारखी असली तरी ती बहुतेक वेळा मोची नसते. नेरिकिरीमध्ये शिरोआनात ग्युही मिसळून मळतात. ग्युही म्हणजे साखर घालून शिजवलेली मोची. कोनाशी नावाच्या प्रकारात शिरोआनात गव्हाचं पीठ घालून वाफवतात. गहू चालत नसेल त्यांनी हा प्रश्न विचारायलाच हवा. तांदळाची मिठाई आहे म्हणजे गहू नसेलच, असं धरून चालू नका.

ग्युहीचं गुपित साखरेत आहे. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट रचला जायला वेळ लागतो. साधी मोची संध्याकाळपर्यंत कडक होते, ग्युही दोन-तीन दिवस मऊ राहते. आइस्क्रीमच्या मोचीलाही गोठल्यावर चावता येतं ते याच कारणानं.

मिठाईबरोबर लाकडाची चपटी काडी येते, तिचं नाव कुरोमोजी. त्या सुवासिक झाडाच्याच नावावरून. तिनं मिठाई आधी अर्धी, मग चतकोर करायची. कापलेली कड बघा : ताज्या नेरिकिरीची कड लोण्यासारखी स्वच्छ निघते, शिळीची चुरचुरते. माच्चा असेल तर मिठाई आधी पूर्ण खायची आणि चहा नंतर. चहा कडू वाटत असेल तर बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो.

योकान इथूनच घ्या. आझुकी, साखर आणि कांतेन, म्हणजे समुद्री शेवाळाचं अगर, यांची ती घट्ट वडी. जिलेटिन नाही, अंडं नाही, दूध नाही. शाकाहारी माणसाला डोळे मिटून घेता येईल अशी जपानी मिठाई ही. तोरायाचं 'योरु नो उमे' प्रसिद्ध आहे : कापल्यावर काळसर वडीत अख्खे आझुकी दाणे फिकट दिसतात, रात्री फुललेल्या उमेसारखे, म्हणजे जपानी प्लमच्या फुलांसारखे, म्हणून हे नाव. बंद पाकीट महिनोन् महिने टिकतं. फक्त हातातल्या बॅगेत ठेवू नका. विमानतळाच्या तपासणीत अशा मऊ घट्ट वडीवरून अडवू शकतात, चेक-इनच्या बॅगेत टाका.

दुपारी रू शाबानेवर तोमो. दोरायाकीची जागा. दोन लहान धिरड्यांमध्ये सारण, असा हा प्रकार. पॅरिस-ब्रेस्ट या फ्रेंच केकवरून घेतलेलं 'पॅरिस-क्योतो' इथलं खास. मोचीच्या शोधात दोरायाकीला जागा नाही, तरी गेलात तर खाऊन या. अंडं असतं, एवढं लक्षात ठेवा. समोरच्या अंगाला, रीशेलिय रस्त्याला लागून लुव्ह्वा चौकातलं कारंजं आहे, सेन, ल्वार, गारोन आणि सोन या चार नद्यांच्या मूर्तींचं. तिथल्या बाकांवर बसून खाता येतं.

दिवस तिसरा, शनिवार : शेर्श-मिदी आणि तेरावा विभाग

सकाळी 39, रू द्यु शेर्श-मिदी, ला मेझाँ द्यु मोची. नाव फ्रेंच आणि हातही फ्रेंच. साखर कमी, सारणात सुकामेवा आणि फळं, रंग फिकट. जपानी मोचीशी ताडून पाहायला ही चांगली जागा आहे. इथली मोची छोटी, नाजूक, तळहातावर ठेवली की स्वतःच्या वजनानं थोडी पसरते. ते पसरणं ही चांगली खूण. घट्ट गोळा तसाच उभा राहिला तर पापुद्रा जुना.

आता ताजेपणा ओळखण्याच्या खुणा एकत्र सांगतो, कारण तीन दिवसांत त्या पुन्हा पुन्हा कामाला आल्या. बोटानं अगदी हलकं दाबलं की खड्डा पडतो आणि हळूहळू भरतो. लगेच उसळला तर आत रबरासारखा ताण आहे, भरलाच नाही तर वरचा थर सुकला आहे. बटाट्याच्या स्टार्चची पिठी कोरडी आणि सुटी असते, ओले डाग म्हणजे फ्रीझरमधून बाहेर आल्यावर दव धरलंय. अर्धी करताना पापुद्रा दोन-तीन बोटं ताणला जाऊन मगच तुटतो. आणि तुटलेल्या कडेला नाक लावलं की नुकत्या शिजलेल्या भाताचा वास येतो. हा वास फार तर पाच-सहा तास टिकतो. दुकान उघडल्यावर तासाभरात पोचायला हवं ते म्हणूनच.

एक मोठी चूक इथेच सांगतो : घेतलेली मोची हॉटेलच्या फ्रीजमध्ये ठेवणं. शिजलेला स्टार्च शून्य ते पाच अंशांच्या मधे सगळ्यात वेगानं कडक होतो. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलेला उकडीचा मोदक ज्यानं खाल्ला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. एप्रिलमधल्या पॅरिसच्या खोलीत, अठरा-वीस अंशांना, झाकून ठेवली तर संध्याकाळपर्यंत उत्तम. उद्यावर ढकलायचीच असेल तर घेतल्या घेतल्या एकेक प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये, आणि खायच्या आधी दीड-दोन तास बाहेर.

दुपारी मेट्रोची लाइन 7 पकडून तोल्बियाकला. तेराव्या विभागात, अव्हेन्यू दिव्री आणि अव्हेन्यू द श्वाझीच्या भोवती, व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसहून आलेल्या चिनी वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. जपानी मोचीचा इथे संबंध नाही, पण चिकट तांदळाचा पुरेपूर आहे. खाण्याच्या दुकानांत काचेमागे वाफाळत्या ट्रेमध्ये 'पेर्ल द कोको' मिळतात : चिकट तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे, आत मूगडाळीचं गोड पुरण, बाहेर किसलेलं खोबरं. एका छोट्या दुकानातल्या व्हिएतनामी मावशी दर थोड्या वेळानं वाफेचं झाकण उचलत होत्या. 'से फॅ ओजुर्दुई?' विचारल्यावर त्यांनी शब्दही न बोलता झाकण वर केलं आणि वाफ आमच्या चष्म्यांवर आली. उत्तर मिळालं.

खोबरं, डाळीचं पुरण, तांदळाचं पांढरं आवरण. कोकणातल्या माणसाला हा पदार्थ परका वाटणं शक्यच नाही. फरक पडतो तो दातांना. मोदकाची पारी दाताखाली सरळ तुटते, ही आधी ताणली जाते. कारण तांदळातच आहे. आपल्या साध्या तांदळाच्या स्टार्चमध्ये साधारण 15 ते 25 टक्के अमायलोज हा घटक असतो. तो थंड झाल्यावर पटकन घट्ट होतो आणि उकडीला आकार धरायला मदत करतो. चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतो, सगळं अमायलोपेक्टिन, म्हणजे स्टार्चचा दुसरा घटक. ते पाणी घेऊन फुगतं, चिकटतं, ताणलं जातं. म्हणून आंबेमोहोराच्या पिठाची मोची होत नाही आणि मोचीकोच्या उकडीला पाकळ्या पाडल्या तर त्या मिनिटभरात लोळतात. भारतात असा तांदूळ हवा असेल तर आसामचा बोरा चाउल घ्या, तिकडचे पिठे त्याचेच होतात.

या भागातल्या किराण्यात चिकट तांदळाचं थाई पीठ जपानी पिठापेक्षा बरंच स्वस्त मिळतं. तीन तोंडांच्या हत्तीचं चित्र असलेल्या पाकिटांत हिरव्या अक्षरांचं ते चिकट तांदळाचं, लाल अक्षरांचं साध्या तांदळाचं. दोन्ही शेजारी-शेजारी रचलेली असतात, घाईत लाल उचललं की दुसऱ्या दिवशीचा सगळा खटाटोप वाया. फ्रेंचमध्ये 'फारीन द री ग्लुआँ' हे शब्द हवेत. 'ग्लुआँ' म्हणजे चिकट, ग्लूटेनशी त्याचा संबंध नाही, या पिठात ग्लूटेन नसतंच.

दिवस चौथा, रविवार : पार्क द सो

रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून हा दिवस चेरीच्या झाडांसाठी ठेवला होता. आरईआर बी या उपनगरी गाडीनं दक्षिणेला पार्क द सो. बागा आखणाऱ्या ल नोत्र यानं चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्यासाठी आखलेली ही सतराव्या शतकातली बाग. कालवे, सरळ रांगा, आणि त्या सगळ्या शिस्तीत चेरीच्या झाडांची दोन वनं : एकात पांढरी फुलं, एकात दुहेरी पाकळ्यांची गडद गुलाबी. गुलाबी फुलं साधारण एप्रिलच्या मध्यावर भरात येतात, पण थंडी लांबली तर आठवडाभर पुढे सरकतात. जाण्याआधी चौकशी करावी. सकाळी दहाच्या आधी पोचलात तर झाडाखाली चटई पसरायला जागा मिळते. दुपारी एकला पाय ठेवायला जागा नव्हती.

ऊन छान होतं, वारा आला की पाकळ्यांचा सडा. पॅरिसमधली जपानी कुटुंबं इथे हानामीला, म्हणजे चेरीची फुलं बघायला, येतात, डबे घेऊन. आमच्या शेजारच्या चटईवर एक आजी, त्यांची मुलगी आणि नात बसल्या होत्या. आजींनी लाखेचा काळा डबा उघडला, त्यात गुलाबी सकुरामोची, प्रत्येक एकेका पानात गुंडाळलेली. आमच्या नजरा तिकडे गेल्या असणार. नातीनं फ्रेंचमध्ये विचारलं, आणि आजींनी दोन उचलून कागदी रुमालावर ठेवून दोन्ही हातांनी पुढे केल्या.

चार दिवसांतली सगळ्यात ताजी मोची ती. आजी पहाटे उठल्या होत्या. ही कान्साई, म्हणजे क्योतो-ओसाकाकडच्या पद्धतीची, दोम्योजीको वापरून केलेली. चिकट तांदूळ वाफवून, वाळवून, जाडसर भरडला की दोम्योजीको होतो, आपल्या तांदळाच्या कण्यांसारखा दिसणारा. तो कोमट पाण्यात रंगाचा एक थेंब घालून भिजवायचा, वाफवायचा, गरम असतानाच साखर मिसळायची आणि ओल्या हातानं कोशिआनच्या गोळीभोवती लावायचा. तोक्योकडची सकुरामोची निराळी असते, गव्हाच्या पिठाच्या पातळ गुलाबी धिरड्यात सारण गुंडाळलेली. नाव एक, पदार्थ दोन, आणि दोन्हीकडची माणसं आपलीच खरी मानतात.

जवळून पाहिलं तर दाणे अर्धपारदर्शक होते, एकमेकांना चिकटलेले पण वेगळे दिसणारे, उन्हात मोत्यांसारखे. पान गडद हिरवं-तपकिरी, शिरा उठून आलेल्या. ते चेरीचंच पान, मिठात मुरवलेलं. आजींनी पाकीट जपानहून आणलं होतं. वापरण्याआधी पानं पाण्यात ठेवून खारटपणा उतरवावा लागतो. कमी ठेवली तर मोची खारट होते, जास्त ठेवली तर वास जातो. झाडावरच्या पानाला हा वास नसतो, मिठात मुरताना त्यात कूमारिन हा सुवासिक पदार्थ सुटतो. वाळलेल्या गवताचा, किंचित बदामासारखा वास. हळदीच्या पानात उकडलेले पातोळे आठवले. तिथेही पानाचा वास पिठात उतरतो, फक्त पान आपण काढून टाकतो.

'पान खायचं का?' असं विचारल्यावर आजी हसल्या, स्वतःच्या मोचीचा पानासकट घास घेतला आणि नातीकडे बोट दाखवलं. नातीनं पान सोलून बाजूला ठेवलं होतं. दोन्ही चालतं. पान खाल्लं तर खारट-गोड असा घास लागतो आणि सारणाचा गोडवा बरोबर जागेवर येतो. मेच्या सुरुवातीला मिळणाऱ्या काशिवामोचीचं ओकचं पान मात्र खात नाहीत.

निघताना आमच्याकडचा राजगिऱ्याच्या लाडवांचा पुडा आजींना दिला. त्यांनी एक लाडू उन्हात धरून बारीक दाणे निरखले, आणि हे कुठलं धान्य म्हणून नातीला विचारायला लावलं.

दिवस पाचवा, सोमवार : भाड्याच्या स्वयंपाकघरात

विमान रात्रीचं, म्हणून दिवस हाताशी होता. पाच दिवसांत ताज्या मोचीचा सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच : स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि स्वतः करा. मायक्रोवेव्ह असला की पुरे.

सारण आधी. आझुकी 200 ग्रॅम, भिजवायची गरज नाही. भरपूर पाण्यात उकळी आणून पाच मिनिटांनी ते पाणी ओतून द्यायचं, तुरटपणा त्यात जातो. नव्या पाण्यात मंद आचेवर तासभर, दाणा दोन बोटांत विनासायास चिरडेपर्यंत. इथे घाई केली की सगळं बिघडतं, कारण साखर पडल्यावर दाणा पुढे मऊ होत नाही. मग 160 ते 180 ग्रॅम साखर दोन-तीन हप्त्यांत, चिमूटभर मीठ, आणि ढवळत आटवायचं. उलथनं फिरवल्यावर भांड्याचा तळ क्षणभर दिसला की गॅस बंद. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, पुरणासारखं कोरडं केलंत तर गोळ्या भेगाळतील. 25 ग्रॅमच्या आठ गोळ्या वळून ठेवा. उरलेलं सारण पावाला लावून खा.

पापुद्रा. शिरातामाको 100 ग्रॅम. पाणी 150 मिली, पण एकदम नाही. आधी 100 मिली घालून खडे बोटांनी चिरडायचे, गुठळी राहिली नाही याची खात्री झाली की उरलेलं. मग साखर 50 ग्रॅम. थाई पीठ असेल तर 120 मिलीनं सुरू करा आणि दाट ताकासारखं होईपर्यंत वाढवा. काचेच्या भांड्यात, सैल झाकून, 600 वॉटवर 2 मिनिटं. ओल्या उलथन्यानं तळापासून ढवळा. पुन्हा 1 मिनिट, ढवळा. पुन्हा 30 सेकंद. पांढरा अपारदर्शक गोळा जाऊन अर्धपारदर्शक, चकाकता, उलथन्याला लोंबणारा झाला की झालं. पांढरे पट्टे दिसत असतील तर ते कच्चं पीठ आहे, आणखी 20 सेकंद द्या. कडा पिवळसर आणि चिवट झाल्या तर जास्त झालं, ते सुधारता येत नाही.

ताटात बटाट्याच्या स्टार्चचा सढळ थर द्या. फ्रान्सच्या कुठल्याही सुपरमार्केटात 'फेक्युल द पॉम द तेर' नावानं मिळतो. त्यावर गरम गोळा ओतायचा, वरूनही पिठी, आणि आठ भाग. गोळा गरम असतानाच भरावं लागतं, गार झाल्यावर कडा एकमेकींना धरत नाहीत. बोटं भाजतात, पिठी लावत राहा. प्रत्येक तुकडा तळहातावर पसरताना कडा पातळ, मधला भाग जाड ठेवायचा. कडा शेवटी एकत्र येऊन चौपट होतात, मधला भाग सारणावर ताणला जाऊन पातळ होतो. मोदकाची पारी करणाऱ्या हाताला हे उपजत येतं. गोळी ठेवायची, चारी बाजू वर घेऊन चिमटीत दाबायच्या, पीळ द्यायचा, आणि दुमड खाली करून ठेवायची. जोडावर पिठी लागलेली असेल तर तो चिकटत नाही आणि तासाभरात उघडतो. तेवढी जागा कोरड्या ब्रशनं झटका.

त्यातल्या तीन आम्ही स्ट्रॉबेरीच्या केल्या. एप्रिलमध्ये पॅरिसच्या बाजारात गारिगेत जातीची लांबट, आंबट-गोड स्ट्रॉबेरी येते, इचिगो दायफुकूला, म्हणजे स्ट्रॉबेरीच्या दायफुकूला, अगदी योग्य. फळ लहान घ्या, धुऊन कागदावर पूर्ण कोरडं करा, देठ काढा, 15 ते 20 ग्रॅम सारणात गुंडाळा, टोक वर ठेवा. फळाचं पाणी सुटू लागलं की सारण पातळ होतं आणि पापुद्रा आतून विरघळतो. त्यामुळे ही दोन-तीन तासांतच संपवायची.

लहान मुलं आणि वयस्क माणसं बरोबर असतील तर मोची चार-सहा तुकडे करून द्या. ताणलेला घास घशात अडकण्याचे प्रकार जपानमध्ये दर नववर्षाला होतात, हे गंभीरपणे घ्यायला हवं.

साडेबाराला आठ दायफुकू तयार होत्या. स्ट्रॉबेरीच्या तिन्ही उभ्या-उभ्याच संपल्या. तीन दुपारच्या चहाबरोबर, त्यातली एक किनाकोत घोळवून. दोन कागदाच्या खोक्यात घालून बरोबर घेतल्या, योकान चेक-इनच्या बॅगेत. साडेसहाच्या आरईआर बीमध्ये, गार द्यु नोर स्टेशन मागे पडल्यावर खोकं उघडलं. सहा तास झाले होते. मधला भाग अजून मऊ, ताणला जाणारा. दुमडीपाशी, जिथे पापुद्रा जाड होता, तिथे दाताला पहिली किंचित कडक कड लागली.